रुमालाखालचा हात

नागपूरच्या कळमना बाजारात मिरचीचा भाव तोंडानं ठरत नसे. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून आकडा सांगत. शेजारच्याला काही कळत नसे. मी पाठीवर पोती वाहत वर आलो आणि माझा धंदा उभा राहिला तो या बोटांवर. साठी उलटली तसा मुलगा म्हणाला, "बाबा, आता घरीच राहा. तुमच्या रागाले लोकं भेतात." बायको असती तर तिनं त्याला सुनावलं असतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्या सकाळी मुलाच्या स्कूटरवर बसायचं नाही म्हणून तो उठायच्या आत सायकल काढली. समोरून वारा होता, तरी महालातल्या घरापासून बाजारापर्यंत दामटत नेली. तरुणपणी तालमीत वस्ताद बजावायचे, दम लागला की एकदम थांबू नका, चार पावलं फिरा. पण माझ्या मालापाशी कामठीचा एक व्यापारी उभा होता, वीस वर्षं माझ्याशी पैशापैशासाठी भांडलेला. सायकल पोत्यांना टेकवली आणि तसाच त्याच्यासमोर उभा राहिलो.

रुमालाखाली भाव सांगितला, मुद्दाम चढा. तो खाली ओढणार हे ठरलेलंच. तेवढ्यात मिरचीचे लाल ढीग पांढरे दिसू लागले, कान बंद झाले. मी त्याची बोटं धरून राहिलो.

"काय झालं गा? हात तं थंडगार पडला तुहा."

"काही नाही. भाव बोल."

"बस आधी."

त्यानं मला पोत्यावर बसवलं, मान खाली घालायला लावली, पाणी मागवलं. डोळ्यांपुढचं निवळल्यावर म्हणाला, "तू म्हणतं तोच भाव. घेतला माल."

मी ताडकन उठलो, गरगरलं, पुन्हा बसलो. "भीक देऊन राहिला काय बे? कमी कर! भांड!"

"काहून भांडू? जिवाले जप."

सौदा मीच मोडला.

पुढच्या बाजाराला सायकलवरून उतरून आधी चांगला फिरलो, दम खाल्ला, मगच मालापाशी गेलो. चक्कर आली नाही. तोच व्यापारी आला, तब्येत विचारली, मूठभर मिरची हुंगली आणि इकडेतिकडे पाहत म्हणाला, "पोरगा कुठी गेला?"

मुलगा येईपर्यंत तो माझ्याजवळ बसून आपल्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिला. मुलगा आल्यावर ते दोघं रुमाल घेऊन चार पावलं बाजूला गेले.