शाळेत न लागणारी वस्तू

ती प्लेट घरी आली तेव्हा मी तिची यथेच्छ टिंगल केली होती, हे आधीच कबूल करून टाकतो. २००७चा उन्हाळा संपत आला होता. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला राहत होतो. मी एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचो, बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती आणि आमची एकुलती एक मुलगी आठ वर्षांची होऊन तिसरीत जाणार होती. त्या वर्षी एका विद्यापीठातल्या गोळीबाराची बातमी टीव्हीवर दिवसेंदिवस चालली होती. दोन दिवसांनी मी चॅनल बदललं. बायको मात्र मनातून ती बातमी काढू शकली नाही. शाळा उघडायच्या आधी वह्या-पेन्सिलींच्या खरेदीबरोबर तिने इंटरनेटवरून दप्तरात घालायची एक प्लेट मागवली. गोळी अडवणारी.

काळ्या जाड कापडात शिवलेला, वहीपेक्षा थोडा मोठा असा तो सपाट तक्ता होता. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. दप्तराच्या मागच्या कप्प्यात, पाठीला लागून सरकवायचा. बरोबर आलेलं माहितीपत्रक मी वाचलं, कारण चुका शोधणं हा माझा धंदाच. त्यात लिहिलं होतं की ही प्लेट पिस्तुलाची गोळी अडवते, रायफलची नाही. मी बायकोला विचारलं, मग पोरीने आधी त्या माणसाला विचारायचं का, की बाबा रे, तू आज काय घेऊन आला आहेस? बायको हसली नाही. मी गाडीत रोज सीटबेल्ट लावतो तेव्हा असले जोक का करत नाही, एवढंच तिने विचारलं.

त्या रविवारी तिने मुलीकडून सरावही करून घेतला. सोफा आणि भिंत यांच्यामधल्या जागेत दिवा बंद करून. शाळेत धोका आला की पुकारतात तसं आईने ‘लॉकडाउन’ म्हटलं की खुंटीवरून दप्तर ओढायचं, कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, दप्तर पुढे धरायचं, डोकं खाली. मी चहाचा कप घेऊन घड्याळ लावून बसलो आणि नऊ सेकंद झाले, आता हिला ऑलिम्पिकला पाठवू या, असं जाहीर केलं. मुलगी खुदकन हसली. मग त्या दप्तरामागून तिचा आवाज आला.

"बट बाबा, माय फीट आर आउटसाइड."

बायकोने वाकून तिचे पाय आत ओढले. ते पाय बाहेरच राहत होते, दोनदा ओढले तरी. माझा चहा तसाच राहिला आणि त्या दिवसानंतर मी सेकंद मोजले नाहीत.

वर्ष गेलं. सवय कशाचीही होते, तशी प्लेटचीही झाली. बायको सकाळी साडेसहाला निघायची. दाराशी लटकवलेल्या दप्तराच्या पाठीवर जाताना एकदा हात दाबून बघायची, घरातून निघताना गॅसचं बटण बघतात तसं. नंतर दोन तासांनी मुलीला बसमध्ये बसवून मी ऑफिसला जायचो.

आता दसऱ्याबद्दल सांगायला हवं. माझे वडील फिटर होते. दसऱ्याला आमच्या घरी पाने, पकडी, हातोडी असं सगळं घासूनपुसून पाटावर मांडलं जायचं, त्यांना हळद-कुंकू लागायचं, झेंडू वाहिला जायचा. शेजारी आमची पुस्तकं. पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायची नाही, हा वडिलांचा नियम होता आणि तो ते कडक पाळायचे. त्या दिवशी कोणी बोलावलं तरी ते पान्याला हात लावत नसत. अमेरिकेत आल्यावर मी बाकी सगळं सोडलं, उपास सोडले, जानवं कुठे आहे तेही मला माहीत नव्हतं, पण हा एक नियम धरून ठेवला. माझा सगळा धर्म वर्षातून एका सकाळी उरकतो, असं बायको म्हणायची. खरंच होतं ते.

२००७चा दसरा रविवारी आला होता, त्यामुळे अडचण नव्हती. २००८चा आला तो कामाच्या, शाळेच्या दिवशी. बायको नेहमीसारखी निघून गेली. मुलीने आदल्या संध्याकाळी भारतातून आणलेल्या पाटीवर सरस्वती काढून ठेवली होती. ती वर आवरत होती तेवढ्यात मी जेवणाच्या टेबलाशेजारच्या कोपऱ्यात मांडणी केली. ऑफिसचा लॅपटॉप लागणार होता म्हणून जुना, बंद पडलेला लॅपटॉप ठेवला. देवाला काय कळतंय. एक स्क्रूड्रायव्हर, एक सुरी, थंडीतून वाचलेले कुंडीतले झेंडू. राहिली मुलीची वस्तू. पण तिची पुस्तकं शाळेत लागणार, वह्या लागणार, कंपासपेटीही लागणार. उद्यापर्यंत हलवायचं नाही म्हटल्यावर ठेवायचं काय? मी दप्तर उघडून शाळेत न लागणारी एखादी वस्तू शोधायला लागलो.

आणि ती सापडली. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. घरात तलवार नाही तर नाही, ढाल तरी आहे. मी प्लेटला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि तिच्यावर मुलीची पाटी टेकवून ठेवली, त्यामुळे प्लेट झाकलीच गेली. मुलगी एका पायात बूट घालून आली, तसाच नमस्कार केला, हातावर साखर घेतली आणि पळाली. लायब्ररीत परत करायचं जाडजूड पुस्तक तिने दप्तरात कोंबलं होतं, त्यामुळे वजनात फरक पडला नाही. पूजा वेळेत झाली म्हणून मी गाडीत शीळ घालत ऑफिसला गेलो.

अकराच्या सुमाराला माझ्या आणि बायकोच्या फोनवर शाळेचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. शाळेमागच्या झाडीच्या कडेला एक माणूस बंदूक घेऊन उभा असलेला कोणी तरी पाहिला होता. शाळा आतून बंद केली आहे, मुलं वर्गात आहेत, पालकांनी येऊ नये. सगळे पालक गेले. पोलिसांनी रस्त्यात गाडी आडवी लावली होती, म्हणून आम्ही अलीकडच्या चर्चच्या पार्किंगमध्ये उभे राहिलो. साठ-सत्तर माणसं असतील. पलीकडे ती झाडी दिसत होती, लाल-पिवळ्या पानांची, आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. एरवी मी पाहुण्यांना मुद्दाम ते रंग दाखवायला न्यायचो. आता प्रत्येक खोडाच्या मागे मला माणूस उभा दिसत होता, आणि त्याच्या हातात पिस्तूल आहे की रायफल, हे मी शोधत होतो.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिच्या जागी कोणी आल्याशिवाय तिला निघता येणार नव्हतं.

"प्लेट आहे ना रे दप्तरात?" तिने विचारलं.

"आहे."

"नक्की ना?"

"हो, आहे."

तिने श्वास सोडला तो मला ऐकू आला. तेवढं तरी आहे, असं काहीतरी म्हणून तिने फोन ठेवला. घर तिथून सात मिनिटांवर होतं. घरी जाऊन प्लेट आणावी आणि एखाद्या पोलिसाच्या हातात द्यावी, साहेब, एवढी माझ्या मुलीला नेऊन द्या, असा विचार मी खरोखर केला. वर्षभर जिची चेष्टा केली, तिच्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतकी लाजही.

दोन तासांनी मुलांना सोडलं. झाडीत कोणी सापडलं नव्हतं. शिकारी असेल, हातात काठी असेल, किंवा पाहणाऱ्याची चूक असेल, असं पोलीस म्हणाले. कोण होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्याच वर्गातली, आमच्याच रस्त्यावर राहणारी एक बारकी मुलगी तिची बाही धरून चालत होती. तिची आई तिला घेऊन गेली आणि आमची पोरगी गाडीत मागे बसून बोलायला लागली. अंधारात सगळे कोपऱ्यात बसले होते. एकदा दाराची मूठ बाहेरून कोणीतरी हलवून पाहिली. ते पोलीसच होते, पण तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं. तिने शिकवल्याप्रमाणे दप्तर आधीच घेतलं होतं. पण शेजारची ती बारकी मुलगी तोंडावर हात ठेवून रडत होती.

"सो आय गेव्ह हर माय बॅकपॅक," ती म्हणाली. "आय टोल्ड हर, धिस वन स्टॉप्स बुलेट्स. मग ती रडायची थांबली."

सिग्नल हिरवा झाला होता. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता आणि माझा पाय हलत नव्हता. एक मुलगी लायब्ररीच्या पुस्तकामागे निर्धास्त बसली होती, आणि माझी कशाच्याच मागे नव्हती.

घरी आल्यावर तिला हातपाय धुवायला पाठवलं आणि मी पाटी बाजूला करून प्लेट उचलली. वडिलांचा नियम पहिल्यांदा मोडला. ओल्या फडक्याने पुसली तर हळद आणखीच पसरली. तशीच दप्तरात सरकवली. बायको आली, तिने मुलीला कितीतरी वेळ धरून ठेवलं आणि मग दप्तराच्या पाठीवर हात दाबला. आतलं टणक हाताला लागल्यावर ती रडायला लागली. ही होती म्हणून मी तेवढा वेळ काम करू शकले, असं म्हणाली. मुलीने तिलाही मैत्रिणीची गोष्ट सांगितली. बायकोने लेकीचा पापा घेतला आणि माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मी सगळ्यांच्या वाट्यांत श्रीखंड वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गेल्यावर मुलीने दप्तर भरायला घेतलं आणि मागच्या कप्प्यातून प्लेट बाहेर काढली. काळ्या कापडावर पिवळा फराटा होता. शिवणीत झेंडूची एक पाकळी अडकली होती. तिने कोपऱ्यातल्या पूजेकडे पाहिलं. टेकू गेल्यामुळे पाटी पालथी पडली होती. एरवी माझ्या मराठीला इंग्रजीतून उत्तर देणारी ही पोर, पण तेव्हा तिने मराठीत विचारलं.

"बाबा, काल ही आत नव्हती ना?"

"नव्हती," मी म्हणालो. "मी पूजेत ठेवली होती."

ती चिडली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने ती पाकळी नखाने काढून टेबलावर ठेवली.

"तिला सांगू नको. शी थॉट शी वॉज सेफ." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आईला पण नको."

मी नाही सांगणार म्हणालो, आणि नाही सांगितलं. बस कोपऱ्यावर दिसली. मी घाईने प्लेट मागच्या कप्प्यात सरकवली, दप्तर उचलून तिच्या पाठीमागे धरलं आणि रोजच्यासारखं म्हणालो, चल, सगळं आहे आत. तिने दप्तर माझ्या हातातून काढून घेतलं, जमिनीवर ठेवलं, मागची चेन उघडली आणि आत तळापर्यंत हात घालून स्वतः बघितलं. मगच पाठीवर घेतलं. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत ती रोज असंच करत होती. मी शेजारी उभा असायचो. प्लेट आत आहे का, हे तिने मला एकदाही विचारलं नाही.