पातळ यंत्रातली आवाजाची वाट

माझं काम काय, हे सांगता सांगता मी थकले आहे. 'स्पीकर बनवतेस का?' नाही. 'मग मोबाइल दुरुस्त करतेस?' तेही नाही. मोबाइल, टॅबलेट अशा पातळ यंत्रांच्या पोटात स्पीकर आडवा निजलेला असतो आणि त्याच्या तोंडावर काच. आवाजाला सरळ बाहेर पडायला जागाच नसते. त्याच्यासाठी आतून कडेपर्यंत एक अरुंद बोळ काढायचा, कडेला बारीक फट ठेवायची आणि फटीवर जाळी बसवायची, हे माझं काम. बोळ अरुंद झाला तर आवाज घुसमटतो, रुंद केला तर बॅटरीवाले भांडायला येतात. स्पीकरच्या मागची हवा पुढच्या हवेत मिसळली तर आवाज जागच्या जागी मरतो, तेही बघायचं. केसाएवढ्या फटीवरून मी चांगल्या माणसांशी अबोला धरलेला आहे.

हे काम मी दारव्ह्यात बसून करते. कंपनी पुण्याला. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी सुट्टीवर आले आणि मग गेलेच नाही. मी एकुलती एक; घरात बाबा आणि माझी आत्या. बाबांचा उजवा हात उचलत नव्हता आणि शब्द तोंडातल्या तोंडात गुंतायचे. मी रोज सकाळी त्यांच्याकडून तेच ते शब्द म्हणवून घ्यायची, ते चिडायचे, मी त्यांच्याहून जास्त चिडायची. तरी हळूहळू शब्द सुटे होत होते. घरूनच काम करू द्या, असं साहेबांना सांगितलं तेव्हा ते 'बघू' म्हणाले. त्यांच्या 'बघू'वर मी दिवस काढत होते.

त्यात वणीचं प्रकरण उपटलं. तिथल्या एका खासगी कोळसा डेपोत आमचे टॅबलेट चालू होते. काट्यावर ट्रकचं वजन झालं की टॅबलेट गाडीचा नंबर आणि वजन मोठ्यानं बोलायचा, म्हणजे ड्रायव्हरला खाली उतरावं लागत नसे. यंत्र पातळ, बॅटरी मोठी, म्हणून मी त्यातल्या आवाजाच्या बोळाला दोन वळणं दिली होती. त्या वळणांचा मला गर्व होता. आणि एके दिवशी निरोप आला की सगळ्या टॅबलेटचा आवाज बसलाय.

साहेबांचं निदान तयारच होतं. कोळशाची धूळ तुझ्या वळणांत अडकते. साचा फेकावा लागेल. आणि मग मऊ आवाजात म्हणाले, 'असली कामं खेड्यात बसून होत नाहीत. दोष डिझाइनचा निघाला तर तुला पुण्याला यावं लागेल.' दारव्हा तालुक्याचं गाव आहे, खेडं नाही, हे सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण जीव टांगणीला लागला की माणूस भूगोल शिकवत नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी डावा हात हलवला. 'जा तू,' प्रत्येक शब्द ओढून काढत ते म्हणाले, 'माह्यासाठी... नोकरी... नको सोडू.' मी पिशवीत भिंग, हत्यारं आणि नव्या जाळ्या भरल्या; आधी वणीला जाऊन बघायचं ठरवलं.

पहाटेच निघाले. यवतमाळ, पांढरकवडा, मग करंजीहून वणीच्या रस्त्याला लागले. कोळशाचे ट्रक दिसायला लागले आणि प्रत्येक ट्रकमागे उडणारी काळी धूळ बघून मला साहेबच बरोबर वाटायला लागले. ही धूळ कुठं शिरणार नाही?

डेपोचे सुपरवायझर उत्साही गृहस्थ होते. त्यांनी चहा पाजला आणि टॅबलेट समोर मांडले. 'मॅडम, दसऱ्यापासून असंच करून राह्यले हे. एकदम बसला आवाज. फक्त हा एक ठणठणीत आहे.'

'हाच कसा काय?'

'हा कपाटात होता न. आमचा एक माणूस सुट्टीवर गेलता, चाबी त्याच्याजवळ.'

धूळ अशी मुहूर्त बघून शिरत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. मी एका टॅबलेटचं मागचं झाकण गरम करून सोडवलं. बोळ उघडा केला, भिंग लावलं. दोन्ही वळणं स्वच्छ! चिमूटभर धूळ नाही. मग कडेची जाळी सुटी केली. बाहेरून ती इतर सगळ्यांसारखीच काळी होती, पण तिच्या आतल्या बाजूला घट्ट वाळलेलं काहीतरी होतं. ओला कापूस फिरवला, तर कापूस लालभडक.

'हे काय?'

सुपरवायझर वाकून बघत म्हणाले, 'कुंकू असंन.'

'टॅबलेटमध्ये?'

'अवं मॅडम, दसऱ्याची पूजा केली न! काट्याले लावलं, ट्रकले लावलं, मंग यायलेच काहून सोडाचं? यायच्या भरोशावर तर धंदा चालते.' आणि त्यांनी वरच्या कडेवर मधोमध बोट टेकवलं. 'ज्याचं त्याच्या कपाळाले.'

टॅबलेटचं कपाळ म्हणजे नेमकी माझी फट. ओलं कुंकू भरपूर लावलेलं, ते जाळीत उतरलं, वाळलं, वरून कोळशाची पुटं चढली आणि लाल रंग दिसेनासा झाला. मी खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते थांबेना. सुपरवायझर घाबरले. 'चुकलं का मॅडम आमचं काही?' मी म्हटलं, 'नाही हो. पुढच्या वर्षी पाठीवर लावा, एवढंच.' त्यांनी गंभीरपणे मान हलवली. पाठीवर पूजा होते की नाही, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत होता.

नवी जाळी बसवून टॅबलेट काट्यावर नेला. यंत्र गाडीचा नंबर बोललं आणि इंजिन चालू असतानाही ड्रायव्हरनं केबिनमधूनच हात वर केला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या धुळीत उभं राहून कळलं.

साहेबांना फोन केला. कुंकवाचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, 'रिपोर्टमध्ये कारण काय लिहू?' मी म्हटलं, 'कुंकू लिहा.' आणि लगेच विचारलं, 'मग माझं काय?' ते हसले. 'वळणं चांगली आहेत तुझी. राहा तिथंच.' या वेळी 'बघू' म्हणाले नाहीत.

मग घरी लावला. बाबांनीच उचलला. मी एका दमात सांगून टाकलं, 'बाबा, डिझाइन बरोबर आहे. मी कुठंच नाही जाऊन राह्यली.'

त्यांनी फोन आत्याच्या हातात दिला.

'बरं झालं वं बाई,' आत्या म्हणाली, 'तू गेली तवापासून घास नाही घेतला यानं. तुले सांगू नको म्हणे.'

आणि तिच्या मागून बाबांचा आवाज आला, न अडखळता, 'ताट वाढ.'