मामांच्या टेम्पोतला टीव्ही

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत अशी एकही टेकडी नसेल, जिच्यावर उभं राहून आमच्या हिच्या मामांनी आभाळाकडे ॲल्युमिनियमच्या काड्या रोखल्या नसतील. टीव्ही दिसत नाही अशी जागाच जगात नसते, असं त्यांचं ठाम मत होतं. "नाय दिसत म्हंजे काय, जावईबापू? लहरी सगळीकडं येतात. आपल्यालाच त्यांची वाट सापडत नाय." भातसानगरला धरणाच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस निवृत्त झाला, आणि चार लोक काशीयात्रेला निघतात तसा त्याने एक जुना, बंद बॉडीचा टेम्पो घरी आणला. आत दोन फळ्यांची बाकडी ठोकली, स्टोव्हसाठी कोनाडा केला, खिडकीला मामींच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला आणि जाहीर केलं, की आता आपलं घर फिरतं. त्या घरात देव्हाऱ्याची जागा ठरायच्या आधी टीव्हीची जागा ठरली होती. टीव्ही लहानसा, ब्लॅक अँड व्हाईट, बॅटरीवर चालणारा. टपाला भोक पाडून त्यातून बांबू वर काढला होता आणि बांबूच्या टोकाला अँटेना. पावसाचं पाणी त्याच भोकातून आत यायचं, म्हणून मामींनी खाली कायमचं एक पातेलं ठेवलं होतं. "हे घर नाय, खुराडं हाय," असं त्या म्हणायच्या. पण टेम्पो निघाला की पहिल्यांदा चढून बसायच्याही त्याच.

सहलीला निघालेला माणूस सावली बघतो, पाणी बघतो. मामा फक्त नैर्ऋत्य बघायचे, कारण मुंबईचा टीव्हीचा मनोरा त्या दिशेला. एकदा आम्ही सगळे तानसाला गेलो. तलावाच्या काठी आंब्याची गार सावली, वारा, पाखरं. मामांनी गाडीतून उतरून एकदा समोरच्या डोंगराकडे रागाने पाहिलं, पुन्हा गाडीत बसले आणि आम्हाला थेट एका बोडक्या मुरमाड टेकाडावर नेऊन उभं केलं. तिथे गवताची काडी नव्हती, पण म्हणे चित्र होतं. ते चित्रही येईना. मी टपावर चढून बांबू फिरवतोय, मामा आतून ओरडताहेत, पडद्यावर नुसत्या मुंग्या. तेवढ्यात मामी आमटी ढवळायला म्हणून पळी घेऊन खिडकीशी गेल्या आणि एकदम चित्र काचेसारखं लख्ख झालं. "तशीच उभी ऱ्हा गो! हलू नको!" मामा ओरडले. "आमटी करपंल त्याचं काय?" "करपू दे!" आणि मामी खरोखरच पळी उंच धरून बातम्या संपेपर्यंत उभ्या राहिल्या. करपलेली आमटी वाढताना त्या एवढंच म्हणाल्या, "पस्तीस वर्षं संसार केला, ह्यांनी माझ्या दिशेला येवढा वेळ कधी बघितलं नाय. आन् आज बघितलं, तर तेबी माझ्याकडं नाय."

चांगलं चित्र जिथे सापडेल तिथे रस्त्याकडेच्या दगडावर मामा चुन्याची फुली मारून ठेवत. एक फुली म्हणजे नुसता आवाज, दोन म्हणजे चित्र, तीन म्हणजे चित्रही आणि आवाजही. मुरबाडच्या रस्त्यावर त्यांनी अशा बऱ्याच फुल्या मारल्या. महिनाभरात फुल्या बघून त्या बाजूच्या एका गावात बोभाटा झाला, की सरकार नवीन धरण बांधतंय आणि जमिनी जाणार. आधीच दोन-दोन धरणांचं पाणी मुंबईला पाजून बसलेला हा मुलूख. लोकांनी मीटिंग घेतली, मोर्चाचं ठरलं. नेमके त्या दिवशी मामा तिथे एका फुलीवर जास्तीची फुली मारताना सापडले. त्यांनी शांतपणे टेम्पोचं दार उघडलं, टीव्ही लावला आणि मोर्चाला निघालेल्या माणसांना कुस्ती दाखवली. मोर्चा तिथेच जिरला.

पण मामांची खरी कसोटी लागली ती त्यांच्या स्वतःच्या गावी. शेणव्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. तिथली ठमाआजी म्हणजे गावाची सुईण. मामांसकट गावातल्या अर्ध्या माणसांची पहिली आंघोळ तिच्या हातची. मुंबईचे टीव्हीवाले येऊन तिच्याशी बोलून, तिचं चित्र घेऊन गेले होते आणि बुधवारी साडेसहाला दाखवणार असा निरोप आला होता. आता गाव पडलं डोंगराच्या पोटात. तीन घरांत टीव्ही होते, पण तिन्हींवर बारमाही मुंग्या. आजीचा पाय मोडलेला, त्यामुळे तिला गाडीत घालून शहापूरला न्यायची सोय नव्हती. त्यात गावातले काही टवाळ तिला चिडवायचे, "आजे, तुला कापून टाकली असंल. म्हातारीचं तोंड कोण दावतंय?" आजी हसायची, पण मामा एकदा भेटायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाळा, खरंच दावतील का रं? मला येकदा बघायचं हाय." मामा म्हणाले, "तू नुसती तयार ऱ्हा. टीव्ही मी तुझ्या दारात आणतो."

बुधवारी दुपारीच आम्ही पोचलो. मामांनी टेम्पो शाळेपुढे लावला, देवळापुढे लावला, बांधावर चढवून पाहिला, शेवटी आजीच्या खळ्यात आणला. मुंग्या. पाच वाजले. लोकांनी आजीला बाजेवर घालून खळ्यात आणलं, सारं गाव भोवती बसलं. टवाळ मंडळी पुढे बसली होती. मामांच्या कपाळावर घाम. त्यांनी एकदा नैर्ऋत्येच्या डोंगराकडे पाहिलं आणि टपावरची अँटेना बांबूसकट उपसून काढली. "वायर आणा रे, आसंल तेवढी!" घराघरांतून वायरी आल्या, लग्नाच्या मांडवाची आली, कुणी रेडिओची काढून दिली. त्या जोडत जोडत मामा खांद्यावर बांबू घेऊन वरच्या खडकापर्यंत चढले. मी टीव्हीपाशी. मधे माणसं उभी केली, निरोप द्यायला. मी म्हणायचो "डावीकडे," आणि तो शब्द पाच तोंडांतून चढत वर जायचा. सहा पंचवीसला पडद्यावर एक सावली हलली. "अजून जरा!" मग एकदम चित्र आलं. मामांनी बांबू दगडात रोवून सोडून पाहिला, चित्र गेलं. पुन्हा हातात धरला, आलं. तेव्हा वरून निरोप आला, "मामा बोलतात, त्ये धरून ऱ्हातील. तुमी बघा."

आधी एक शेतकरी बोलला, मग आजी आली. आजी पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही मी नाय. ही माझी आय हाय." पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "आजी, आजवर किती बाळंतपणं केलीत?" आणि पडद्यावरची आजी नि बाजेवरची आजी एकाच वेळी बोलल्या, "मोजायला हात मोकळे कुटं व्हते?" सगळं खळं हसलं. टवाळांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पडद्यावर शेवटपर्यंत एक मुंगी आली नाही.

सगळ्या मुंग्या मामांच्या अंगावर होत्या. खडकाशेजारच्या झाडावर तांबड्या मुंग्यांचं घरटं होतं आणि अर्धा तास त्या मामांना तोडत होत्या. मामांनी बांबू सोडला नव्हता. दोघांनी धरून खाली आणलं तेव्हा त्यांचे हात खाली येत नव्हते, मानेवर गांधी उठल्या होत्या, आणि चेहऱ्यावर असं तेज, की गडच जिंकून आले. पोरांनी "मामा, मामा" म्हणून गलका केला. आजीने त्यांना बाजेवर शेजारी बसवून हातांना खोबरेल लावलं. मामांनी विचारलं, "कशी दिसलीस गो आजे?" आजी म्हणाली, "लय झ्याक. तू व्हतास कुटं पण?"

पुढे घरोघर डिशच्या छत्र्या आल्या आणि बांबूंची गरज संपली. आजी गेली. टेम्पो मामांच्या परसात उभा राहून गंजला. पण घरी कुणी आलं की मामा तो कार्यक्रम पहिल्यापासून सांगायचे. आजीचं हसणं, तिची नथ, बोलताना हलणारा तिचा हात, आणि मागून डौलात चालत गेलेली एक कोंबडी. मामांनी तो कार्यक्रम पाहिलेला नव्हता. मी पाहिला होता. त्यात कोंबडी नव्हती, आणि आजीच्या नाकात नथही नव्हती. मी कधी बोललो नाही, मामीही बोलल्या नाहीत.

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. परवा आमच्या मुलीला ही गोष्ट पुन्हा ऐकायची होती, म्हणून मी सांगत होतो. तिने मधेच विचारलं, "बाबा, ती कोंबडी कुठल्या रंगाची होती?"

मी म्हटलं, "तांबडी."