बासष्ट दाणे

संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना उन्हाळ्याच्या सुटीत हिंगोलीहून बाळापूरजवळच्या आमच्या गावी आले, ती अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊनच. आबांनी घरचं सोयाबीन बियाण्याला राखलं होतं. दरवर्षीसारखे त्यांनी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि सावलीत ठेवले. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं, ही गावाची रीत.

पाचव्या दिवशी गोणपाट उलगडलं. मी मोजले. बासष्ट. आणखी एका दाण्याची साल नुसती फुगली होती.

"हा बी फुटून राहिला ना, बाई," आबा म्हणाले.

"न्हाई आबा, हा धरायचा न्हाई."

मी वही काढली. बियाणं चांगलं आहे असं आधी धरायचं, मग दाणे त्याला खोटं पाडतात का ते बघायचं. बियाणं चांगलं असूनही शंभरात नशिबानं थोडे कमी उगवू शकतात, म्हणून सत्तर नाही पण त्रेसष्ट असते तरी चाललं असतं, बासष्टला नापास. चांगल्याला वाईट ठरवण्याची चूक शंभरात पाच वेळा होऊ शकते, हेही मोठ्या ऐटीत सांगितलं.

"मंग त्या पाचातली येळ हीच असंल तर?"

"आणि वाईट बियाणं चांगलं म्हणून पेरलं तर? ती दुसरी चूक. एक कमी केली की दुसरी वाढते."

"दोन्ही होऊ नये असं काई शिकवत न्हाईत का तिथं? आणखी एक गोणपाट टाकून पाहू."

मनासारखं उत्तर येईपर्यंत टाकत राहणं ही लबाडी आहे, असं मी फणकाऱ्यानं म्हटलं. घरचं बियाणं मोंढ्यावर विकायला गेलं, दुकानातली पिशवी आली.

मायनं मात्र घरच्या बियाण्यातले दोन ओंजळी दाणे ठेवून घेतले होते. पाऊस झाल्यावर तिनं ते बांधाच्या कडेला टोकले, आणि ते असे दाट उगवले की मला तिकडे बघवेना. चुकलेच मी, असं तिला म्हणाले.

"अगं, म्या टपोरे टपोरे निवडून घेतलते," माय म्हणाली.

मग मी चुकले की नाही? निवडलेल्या दाण्यांवरून सगळ्या पोत्याचं सांगता येत नाही, हेही माझ्याच पुस्तकात होतं. आणि पोतं तर केव्हाच गेलं होतं, विचारायचं कुणाला? राग आला, पण तो आबांचा, मायचा की पुस्तकाचा, तेही कळेना.

बांधावरचं ते सोयाबीन आबांनी वेगळं राखलं. पुढच्या उन्हाळ्यात गोणपाट माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मोज." एकाहत्तर भरले. वही आणायला घरात जाताना गोठ्यामागे नजर गेली. तिथं आणखी दोन ओली गोणपाटं गुंडाळून ठेवलेली होती.

मी ती उलगडली नाहीत. वहीही आणली नाही. परत येऊन आबांना म्हणाले, "पास. पेरा."