मामाजींचा हात आणि तीन साऊंड कार्डं

सासऱ्याचा हात घालवणारा जावई म्हणून एके काळी माझी बरीच ख्याती होती. पोलिसांत जाण्याजोगं काही नव्हतं. हात जागेवर होता, भाकर मोडत होता, बैलाच्या पाठीवर थापही देत होता. गेला होता तो खंजेरीवरचा हात. आणि तो घालवला मी, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात फुकट मिळालेल्या आवाजाच्या चिपनं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि मॉनिटर अजून हंड्याएवढे होते, तेव्हाची गोष्ट. मी वर्ध्याला एका शाळेत शिकवायचो आणि उरलेल्या वेळात ऑटोवरच्या भोंग्यांसाठी जाहिराती बनवायचो. "सूट, सूट, सूट!" असा हंबरडा फोडत साड्यांच्या सेलचा ऑटो तुमच्या गल्लीतून गेला असेल, तर तो गळा माझा. जामच्या चौफुलीवरचा ढाबा, बियाण्यांचं दुकान, गावात आलेली सर्कस, सगळ्यांसाठी मी ओरडलो. आधी दोन कॅसेटच्या टेपवर ओरडायचो, मग कॉम्प्युटर घेतला. झोपायच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीला रजई ठोकली आणि दारावर पाटी लावली: 'स्टुडिओ'. बायकोनं तिच्याखाली खडूनं लिहिलं: 'काम झाल्यावर गाद्या जागेवर टाकणे.'

रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद ठेवावा लागे, कारण माइकमध्ये तो माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलायचा. भर मे महिन्यात, कूलर बंद, चारी बाजूंनी कापसाच्या गाद्या, अशा अवस्थेत मी 'थंडगार मलईदार लस्सी'ची जाहिरात केली आहे. त्या जाहिरातीत आवाजाला जी तळमळ आहे ती अभिनयानं येत नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. वडनेरला शेती, आणि गावच्या भजन मंडळात चाळीस वर्षं खंजेरी. बाकीचे गायचे, पण भजन चालायचं ते मामाजींच्या बोटांवर. कोणी पुढे पळालं की मामाजी नुसती मान वळवायचे. पळणारा जागेवर यायचा.

मंडळाचा एक नियम होता आणि तो मामाजींनीच घातला होता. एका भजनात तीनदा ज्याचा हात मागे पडेल, त्यानं आपली खंजेरी आपणच सगळ्यांसमोर खाली ठेवायची. दुसऱ्यानं सांगायची पाळी येऊ द्यायची नाही. या नियमानं तोवर एकच खंजेरी खाली आली होती. ती होती थोरल्या दादांची. हे मामाजींचे चुलतभाऊ. मामाजींना खंजेरी धरायला त्यांनीच शिकवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका भजनात त्यांचा हात तीनदा मागे पडला. मामाजींनी मान वळवली, दादांनी खंजेरी खाली ठेवली. दोघांच्या मनात काय झालं ते दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

तर मी मामाजींना म्हणालो, मंडळाच्या भजनांची सीडी काढू. खरं सांगायचं तर मला त्यांची खंजेरी बियाण्याच्या एका जाहिरातीतही घालायची होती. हे मी तेव्हा बोललो नाही आणि देवाला ते आवडलं नसावं.

पेटी आधीच रेकॉर्ड करून ठेवली होती. मामाजींनी हेडफोन लावायचा, त्यातून पेटी ऐकायची आणि तिच्यासोबत वाजवायचं. मामाजी गाद्यांच्या मध्ये बसले, नवरदेवासारखे. पेटी सुरू झाली. मामाजींनी पहिली थाप दिली, दुसरी दिली आणि थांबले.

"मागून कोण वाजवून राह्यलं जवाईबापू?"

"कोणी नाही, मामाजी. तुमचाच आवाज येतोय कानात."

"माहाच?"

"तुमचाच."

इतकं खरं बोलण्याची काही गरज नव्हती. मामाजींनी पुन्हा सुरुवात केली. आता ते स्वतःच्या मागे पडलेल्या आवाजाची वाट पाहू लागले, आवाज आणखी मागे पडू लागला, आणि थोड्या वेळानं भजन चढावर लागलेल्या बैलगाडीसारखं झालं. मग त्यांनी केलेलं ऐकायला मागितलं. मी वाजवून दाखवलं. पेटी पुढे, खंजेरी मागे. साफ ऐकू येत होतं. मामाजींनी हेडफोन काढून गादीवर ठेवला, खंजेरी पिशवीत घातली आणि चहा न घेता बसस्टँडवर गेले.

त्याच आठवड्यात वडनेरच्या मंदिरात त्यांनी खंजेरी मंडळासमोर खाली ठेवली. म्हणाले, "हात गेला." आणि भिंतीला टेकून बसले.

बायकोला ही बातमी माहेरच्या फोनवरून कळली. तिनं फोन ठेवला आणि स्टुडिओत आली.

"चाळीस वर्सं वाजवलं माह्या बापानं. तुमच्या डब्यानं एका दिवसात बंद पाडलं."

"अगं, हात नाही गेला, चिप हळू आहे."

"मंग चिपले म्हणा, वडनेरले जाऊन सांग. बाबा परवापासून दारातबी बसत नाई. त्यायचा हात परत आणून द्या, नाईतं ह्या गाद्या आजपासून गाद्याच राह्यतीन."

आता ही चिप म्हणजे काय, तर कॉम्प्युटरच्या बोर्डावर आधीच चिकटून आलेली आवाजाची सोय. तिचा कारभार तहसील कचेरीसारखा. माइकमधून आवाजाचा अर्ज आत जातो, आत त्याचे आकडे होतात, आकडे या टेबलावरून त्या टेबलावर जातात, मग त्यांचा पुन्हा आवाज होऊन तुमच्या कानात पडतो. तोवर तुमचा हात पुढच्या थापेवर गेलेला. 'सूट, सूट' म्हणायला यानं काही बिघडत नाही. सूट जरा उशिरा कानात पडली तरी सूटच असते. खंजेरीला मात्र तेवढ्यानं मरण येतं. उपाय एकच, वेगळं साऊंड कार्ड, जे अर्ज हातोहात परत करेल.

मी वडनेरला जाऊन मामाजींना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आपली चूक मशीनवर कायले टाकता जवाईबापू? मशीनची का माह्यासंग दुश्मनी हाये?"

"मग खऱ्या पेटीसोबत वाजवून बघा."

"खाली ठेवली म्हणजे ठेवली. ठेवाचा नियम हाये. उचलाचा नाई."

येताना सासूबाईंनी खंजेरी हळूच माझ्या पिशवीत सरकवली. "घरात दिसली का जेवत नाईत ते," एवढंच म्हणाल्या.

आमच्या भागात कॉम्प्युटरचं सामान एका दुकानात मिळायचं. मालकाच्या आज्यानं काढलेलं कापडाचं दुकान ते. अर्ध्यात अजून लुगडी होती, अर्ध्यात कीबोर्ड. मालक दोन्ही एकाच पद्धतीनं विकायचा: घडी मोडून पुढ्यात पसरायचा. मी 'गाणं रेकॉर्ड करायला साऊंड कार्ड, स्वस्तातलं' म्हणालो, तर तो मनापासून हळहळला.

"बोर्डावर येते ना भाऊ फुकट! पैसे कायले घालता? तुमचा आवाज काय, रिक्षेवरच वाजनार."

पण आठवड्याभरात त्यानं नागपूरहून तीन कार्डं मागवली, आणि अट मान्य केली की त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिन्ही लावून पाहायची, मग घ्यायचं. साड्या लावून पाहतात तसं. पेटीची सीडी मी घेऊन गेलो. माइक, हेडफोन, खंजेरी सगळं नेलं. आणि मामाजींना चष्म्याचा नंबर तपासायचा म्हणून वर्ध्याला बोलावून, "पाच मिनिटं काम आहे" असं सांगत त्या दुकानात नेलं. मी मास्तर आहे, पण खोटं बोलताना माझा आवाज अजिबात कापत नाही.

पिशवीतून खंजेरी निघाली तशी मामाजींनी तोंड लुगड्यांकडे फिरवलं. मी पहिलं कार्ड लावलेल्या कॉम्प्युटरपुढे बसलो, हेडफोन चढवला आणि खंजेरी वाजवायला लागलो.

मला खंजेरी येत नाही. नम्रता म्हणून नाही सांगत, दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर गेली. मामाजींची पाठ पहिल्या थापेला ताठ झाली, तिसऱ्या थापेला वळली.

"अंगठा कुठं ठेवला तुमीनं?"

"इथं."

"ते का चपाती हाये? आणा इकडं!"

खंजेरी त्यांच्या हातात गेली. नियम मोडला की काय, हे ध्यानात येण्याआधीच त्यांचं बोट चामड्यावर फिरलं आणि कपाळाला आठी पडली. दुकानातल्या कूलरच्या ओलीनं चामडं सैल झालं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खंजेरी मॉनिटरच्या तापलेल्या पाठीवर पालथी ठेवली. मालक "अहो बाबा, बाबा!" करत धावला.

"थांब. शेकू दे. चुलीवानी हाये हे, चांगलं हाये."

मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवला. ते "मले नाई वाजवाचं" म्हणत राहिले आणि बोटं वाजवत राहिली.

"हा मागं हाये," ते दोन ओळींनंतर म्हणाले. "घरच्यावानी."

मालकानं दुसरं कार्ड लावलं. त्याचं खोकं एवढं मोठं, की त्यात खंजेरी मावली असती. वर आग ओकणारा राक्षस. "ह्यात सात स्पीकर लागते बाबा! गेम खेळतानी मागून गोळी आली तं मागूनच ऐकू येते!"

"मागूनच येऊन राह्यली," मामाजी हेडफोन सांभाळत म्हणाले. "हा बी मागं. थोडा कमी. पण ढिला पोट्टा हाये हा."

तिसऱ्याला खोकंच नव्हतं. नागपूरच्या कुठल्याशा स्टुडिओनं नवं घेतलं म्हणून विकलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हिरवं कार्ड, दोन भोकांचं. राक्षसवाल्याच्या निम्म्याहून कमी किंमत. मालकाला ते दाखवायचीच लाज वाटत होती. "ह्यात काहीच नाही भाऊ. एक स्पीकर बी मोठा नाही लागत." त्याच्यासोबतची सीडी टाकून, दोन-तीन आकडे बदलून मी पेटी सुरू केली.

मामाजींनी थाप दिली. मग दुसरी. मग थांबले. 

"मागचा कुठं गेला?"

"कोण?"

"तो मागून वाजवणारा."

"गेला, मामाजी. तो नव्हताच कधी."

त्यांनी डोळे मिटले आणि वाजवायला घेतलं. मघाशी बाहेर पडलेली गिऱ्हाइकं पायरीवर परत आली. मालक लुगड्यावर बसला. भजन संपलं तरी मामाजी थोडा वेळ नुसत्या बोटांनी चालत राहिले. मग मी रेकॉर्ड झालेलं वाजवलं: पेटी आणि खंजेरी, एका दावणीला बांधल्यासारखी.

मी टाळ्या वाजवणार होतो. पण मामाजींचा चेहरा काही वेगळाच झाला होता.

"जवाईबापू, चांगला हात राह्यला अन् आवाज उशिरा आला, तं हात मागं जाते?"

"जातोच. माणूस कानामागं जातो."

"असं." त्यांनी हेडफोन काढला. "आपुन मंदिरावर पह्यला भोंगा आणला ना, गाववर्गणीचा, तवा दुसरा भोंगा शाळेच्या छतावर लावलता. तोंड मंदिराकडं. थोरले दादा मंदिराच्या दारात बसत. शाळेच्या बाजूनं. त्यायच्या कानात लांबचा तोच भोंगा, उशिरा येनारा."

 हिशेब त्यांचा होता आणि तो त्यांना मांडता येत होता.

"त्याच साली ठेवली दादानं," ते म्हणाले. "चष्मा राहू द्या. वडनेरची गाडी किती वाजताची हाये?"

कार्ड वर्तमानपत्रासकट माझ्या पिशवीत, खंजेरी मामाजींच्या मांडीवर, असे आम्ही हिंगणघाटवरून वडनेरला गेलो. मामाजी घरी गेले नाहीत. कडेची गल्ली धरून थेट थोरल्या दादांच्या अंगणात. दादा निंबाखाली बाजेवर बसले होते, ऐंशीच्या पलीकडचे, डोळ्यांनी अधू. मामाजी खाली, बाजेच्या पायाशी बसले.

"दादा, शाळेवरचा भोंगा मागं होता. तुमी नाई."

दादांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मामाजी मंडळात वळवायचे तशीच. शिकवली त्यांनीच असणार.

"मले माईत होतं," दादा म्हणाले.

"मंग बोलले काऊन नाई?"

"गावानं वर्गणी करून भोंगा आणला. लेकरं नाचून राह्यलती. कोण म्हणल, बंद करा म्हणून?" मग म्हणाले, "अन् तू मान वळवली. तुहा नियम होता. मी मोडला असता, तं तो उभा राह्यला असता का?"

 मामाजींनी खंजेरी दादांच्या मांडीवर ठेवली. दादांनी चाचपली, चामड्यावर नख मारून पाहिलं. "कायवर शेकली?"

"टीव्हीवानी एक डबा होता."

"चांगली शेकली." त्यांनी खंजेरी परत मामाजींकडे सरकवली. "तू वाजव. माहे बोटं वाकत नाई आता. मी आयकतो."

मामाजींनी वाजवायला घेतलं आणि दुकानात बिनचूक चाललेला हात इथं अडखळला. डोळ्यांत पाणी असलं की हाताला दिसत नाही.

"एक," दादा म्हणाले.

मामाजी हसले, सावरले, जरा पुढे गेले आणि पुन्हा घसरले.

"दोन."

अंगणाच्या दारात आता मंडळातले दोघं-तिघं येऊन उभे राहिले होते. मामाजी खाली मान घालून वाजवत होते. भजनाच्या शेवटाला, जिथं लय वाढते तिथं, हात तिसऱ्यांदा मागे राहिला. मला कळलं, दारातल्यांना कळलं. मामाजींनी वाजवणं न थांबवता वर पाहिलं.

थोरले दादा निंबाकडे तोंड करून बसले होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "यंदा निंबोळी लई लागली बापा."