चार बिछान्यांची परतीची गाडी

परतीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे, पण गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या आवारात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाकच मारत नसे. काम तसंच होतं. लोक सुट्टीला मोटरहोम भाड्याने घेत. ओटा, न्हाणी, चार बिछाने, अख्खं घरच चाकांवर. डोंगर चढायचे, दोन राष्ट्रीय उद्यानं पालथी घालायची, हरणांचे फोटो काढायचे आणि पलीकडच्या शहरात गाडी टाकून विमानाने घरी. ती रिकामी गाडी परत कोण आणणार? परतीवाले बसने जायचे आणि दोन दिवसांत गाडी घेऊन यायचे. सोळा वर्षं हेच. लोक ज्या रस्त्यासाठी वर्षभर बेत आखतात, तो रस्ता हा माणूस महिन्यातून पाच-सहा वेळा बघायचा, तोही एकटा आणि उलट्या बाजूने. आता याला नशीब म्हणायचं की आणखी काही, तुम्हीच ठरवा.

गाडी त्यांना पलीकडे धुऊनपुसून मिळे. ती तशीच इकडे पोचवायची, एवढाच नियम. बाकीचं सोवळं त्यांनी स्वतःहून वाढवलेलं. चारांपैकी एकाही बिछान्यावर ते सोळा वर्षांत आडवे झाले नाहीत. झोप स्टिअरिंगमागच्या सीटवर, चहा थर्मासमधला, आणि तोही खाली उतरून पायरीवर बसून. गाडीला तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. स्वतःला एवढं जपलं असतं तर पाठ धरली नसती.

घरी बायको होती. एका टेलरच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवायची. डोळे दुखायला लागले तसं तिने यंदा काम सोडलं, आणि नेमका तेव्हाच लांबच्या शहरातून मुलाचा फोन आला. नात सहा महिन्यांची झालीये, सून कामावर जाणार आहे, आई, तू ये, आणि कायमचीच ये. बायको 'बघते' म्हणाली. तिने परतीवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, तुझी मर्जी.

तुझी मर्जी! अहो, आतून माणसाचं पाणी पाणी झालं होतं. महिन्यातले वीस दिवस ते बाहेर असत हे खरं, पण उरलेल्या दहा दिवसांत कोपऱ्यावर वळलं की खिडकीत दिवा दिसायचा. तो आता दिसणार नव्हता. 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं, दोन शब्द. पण पस्तीस वर्षांत बायकोकडे काही मागायची सवयच नव्हती. घरात तर ते तोंडातून निघेना. म्हणून त्यांनी बेत केला. कंपनी वर्षातून एकदा घरच्या एका माणसाला बरोबर न्यायची परवानगी द्यायची. ती त्यांनी पहिल्यांदाच घेतली. घाटमाथ्यावर तळ्यापाशी एक जागा होती, तिथे गाडी थांबवायची आणि बोलून टाकायचं.

बायको हरखली. जाताना बसमध्ये खिडकीशी बसून तिने सगळा रस्ता बघितला, आणि पलीकडच्या शहरात मोटरहोममध्ये चढल्यावर तर लहान मुलीसारखी एकेक कपाट उघडायला लागली. अगंबाई, इथे तर चाळणीसुद्धा आहे, म्हणाली. परतीवाले हळूच म्हणाले, हात नको लावूस. तिने नळाखाली बाटली धरली, तर टाकी भरलेली पोचवायची असते म्हणाले. ती बिछान्यावर टेकली, तर चादर चुरगळेल म्हणाले. चपला काढायला लावल्या. आवाज चढवला नाही हं, अगदी मऊ आवाजात सांगत होते. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तासाभरात बायको पुढे येऊन त्यांच्या शेजारच्या सीटवर बसली, हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी.

तळं आलं. पाणी निळंशार, पलीकडे बर्फ धरलेले डोंगर, आणि वाराही पडलेला. बायको उतरून कठड्यापाशी गेली. परतीवाल्यांनी शब्द जुळवून ठेवले होते. ते उतरले, आणि बघतात तर गाडी देवदाराखाली उभी, टपावर डिंक गळतोय. डिंक वाळला की निघत नाही. झालं! आधी गाडी पुढे घेतली, मग शिडी काढली, मग फडकं. खाली आले तेव्हा पर्यटकांचं एक कुटुंब तिथे पोचलं होतं आणि बायको त्यांचा फोटो काढून देत होती. त्यातली मुलगी म्हणाली, आजी, आता तुमचा दोघांचा काढते. परतीवाले घड्याळाकडे बघून म्हणाले, उशीर होतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

रात्र एका थांब्यावर काढली, दोघंही सीटवर बसून. मागे चार बिछाने रिकामे. सकाळी बायकोचे गुडघे धरले होते. ती ते चोळत बसली, आणि हे गाडी हाकत राहिले.

दुपारी गाडी आवारात लागली. तपासनीस कागद घेऊन आत गेला, सगळं बघून बाहेर आला आणि खुशीत म्हणाला, "वा, परतीवाले. आत माणूस बसला होता असं वाटतच नाही."

एरवी या शाबासकीवर ते आठवडा काढायचे. आज त्यांनी बायकोकडे बघितलं. तिनेही ऐकलं होतं. ती जराशी हसली, आणि ते हसू त्यांना लागलं. शेजारी एक गाडी धुतली जात होती, पायाशी साबणाचं पाणी वाहत होतं. तिथेच, त्या पाण्यात उभं राहून ते बोलले.

"जाऊ नकोस."

बायको पाण्यातून त्यांच्याजवळ आली. मग म्हणाली, "दोन दिवस याचीच वाट बघत होते. बरं, नाही जात. पण मग तुम्ही घरी थांबा. नाहीतर चला माझ्याबरोबर."

आता बोलायची पाळी त्यांची होती. मागणं कठीण वाटलं होतं, देणं त्याहून कठीण निघालं. घरी थांबायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मनातून हो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "परवाची गाडी लागलीये."

"हो ना," बायको म्हणाली, आणि तिने स्वतःची पिशवी उचलली.

दहा दिवसांनी ती गेली. त्या दिवसाची खेप दुसऱ्याला देतो, असं मॅनेजर आपणहून म्हणाला होता. परतीवाले नको म्हणाले, घाट नवख्याला जमत नाही म्हणाले. खरी गोष्ट अशी, की स्टेशनवर आपल्याला रडू फुटेल याची त्यांना भीती वाटली. तिचा फोन वाजला तेव्हा ते घाटातल्या वळणावर होते, आणि वळणावर ते फोन घेत नसत. घाट उतरल्यावर लावला, तर तिच्या मागून रेल्वेचा खडखडाट येत होता. तिने विचारलं, जेवलात का?

ते हो म्हणाले. जेवले नव्हते.