दिवसभराची गोष्ट

आता कुणी 'लोककथा' म्हटलं तरी माझी कंबर दुखायला लागते. शाळेतून निवृत्त झाल्यावर पाय पसरून बसायचं ठरवलं होतं. पण कॉलेजात शिकवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं हे काम माझ्या गळ्यात मारलं. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी मोबाईलवर भरून घ्यायच्या आणि प्रत्येक गोष्टीचा फॉर्म भरायचा. फॉर्मवर चौकोन होते: प्राण्यांची, देवाची, व्रताची, भुताखेतांची, चातुर्याची, राजाराणीची. एकात खूण करायची. जन्म हजेरीपटाचे रकाने भरण्यात गेला, म्हातारपणी गोष्टींचे रकाने आले.

गोष्टी काही चौकोनात बसायला तयार नव्हत्या. तामलवाडीत एका आजोबांनी कोल्ह्याची गोष्ट सुरू केली. मध्येच कोल्ह्याला देवी भेटली आणि शेवटी दोघांनी मिळून गावच्या पाटलाला विहिरीत उतरवलं. मी आधी प्राण्यांच्या चौकोनात खूण केली, मग खोडली, मग देवाच्या केली. परतीच्या गाडीत वाटलं, हे सगळं कुणी वाचणार आहे का? मग कशाला मरते मी?

शेवटी ईट गावी माझ्या चुलतीकडे गेले. काकूंनी उभा जन्म दुसऱ्यांच्या रानात खुरपण केलं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि छातीत दमा. मी फॉर्म वाचून दाखवला तर त्या हसल्या.

"गोष्टी दोनच जातीच्या असत्यात," त्या म्हणाल्या. "एक बसून सांगायची, एक वाकून सांगायची."

बसून सांगायच्या म्हणजे भाकरी खाताना, पाणी पिताना सांगायच्या लहान लहान गोष्टी. वाकून सांगायच्या म्हणजे खुरपताना सांगायच्या. दहा-बारा बाया एका ओळीत, प्रत्येकीला आपली पात, म्हणजे खुरपायचा पट्टा, आणि काकू मधल्या पातीवर. त्यांनी वाक्य टाकायचं, बायांनी 'हूं' म्हणायचं. जिचा 'हूं' आला नाही ती मागं पडली असं समजून सगळ्या थांबायच्या. त्यातली एक राणीची गोष्ट दिवसभर पुरायची. मुकादमीण मुद्दाम तीच सांगायला लावायची, बाया वेळ विसरून वाकलेल्या राहायच्या म्हणून.

"आता तणनाशक मारत्यात," काकू म्हणाल्या. "खुरपायला कोण न्हाय. ती गोष्ट शेवटाला नेऊन लई वर्सं झाली. एकदा कुणी पुरी ऐकावी, एवढंच राहिलंय बघ."

त्या दिवशी त्यांनी बसून सांगायच्याच गोष्टी सांगितल्या. व्रताची एखादी विचारली तर म्हणाल्या, "माज्या आईला पाठ हुत्या. दीक्षा घेतल्यापासनं तिनं तोंडातनं काढल्या न्हाईत. म्या कुठनं सांगू?" तो चौकोन रिकामा राहिला. विहारात ऐकलेली माकडाची गोष्ट त्यांनी सांगितली. मी प्राण्यांच्या चौकोनाकडे पेन नेलं तशा म्हणाल्या, "ती माकडाची न्हाय, बुद्धांची हाय." त्याला चौकोनच नव्हता.

अडचण एकच होती. मोबाईलवर गोष्ट भरताना मध्ये दुसऱ्या कुणाचा आवाज नको, असं विद्यार्थिनीनं बजावलं होतं. मी गप्प बसले की काकू थांबायच्या.

"काकू, मी मान हलवतेय ना," मी म्हणाले.

"मला कुठं दिसतीय तुजी मान?"

तेव्हा राणीच्या गोष्टीसाठी मी ती अट सोडली. पुढच्या आठवड्यात येते, 'हूं' म्हणते, शेवटपर्यंत ऐकते, असा शब्द दिला. काकूंनी सुनेला सांगून त्या दिवशी शेजारणींना घरात येऊ नका म्हणून निरोप दिला.

मी गेले ते दोन गाड्या बदलून. येरमाळ्याला तासभर उभी होते, त्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या गावाला जाऊन आले होते. जेवण झालं, पंखा लावला, मोबाईल दोघींच्या मध्ये ठेवला. काकूंनी पदर सावरला आणि राणीला राजवाड्याबाहेर काढलं. मी 'हूं' म्हटलं. राणी रानात गेली. हूं. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा काकू चहाचा कप माझ्यापुढे सरकवत होत्या.

"झाली का गोष्ट?" मी दचकून विचारलं.

"झाली की."

"फार सुंदर होती," मी म्हणाले. एवढी मोठी बाई, मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवत आलेली, आणि चहा पिता पिता खोटं बोलले.

चार दिवसांनी फॉर्म भरायला ते ऐकायला बसले. सुरुवातीला माझा 'हूं' होता, मग तो जड होत गेला, मग थांबला. काकूही थांबल्या. नुसता पंख्याचा आवाज. "पोरी?" असं एकदा हळू आलं. पुन्हा पंखा. मग काकूंचाच आवाज, अगदी खालच्या पट्टीत: "हूं." आणि गोष्ट पुढं निघाली. वाक्य झालं की त्या थांबायच्या, स्वतःच 'हूं' म्हणायच्या, दम घ्यायच्या, पुढचं वाक्य सांगायच्या. रानात दिवसभर पुरणारी ती गोष्ट बसून सांगताना दोन तासांत सरली. मी मोबाईल बंद केला आणि रडले. थकले होते, ही सबब मला स्वतःलाही देता येईना.

दुसऱ्याच दिवशी ईट गाठलं. "काकू, मी झोपले होते," मी सांगून टाकलं.

"म्हायती हाय की. घोरत हुतीस."

"मग उठवायचं ना मला!"

"थकून आलेल्या माणसाला गोष्टीसाठी उठवत्यात व्हय?"

"आज सांगा. उभी राहून ऐकते."

त्यांनी छातीला हात लावला. "आता न्हाय जमायची गं. तवाच कशीबशी रेटली. दम पुरत न्हाय." मग माझीच समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "तुज्या मोबाईलात हाय की. लागंल तवा ऐक."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मोबाईलवर मी ती गोष्ट नंतर पुरी ऐकली, कितीदा तरी ऐकली, त्याचा त्यांना काय उपयोग? इतक्या वर्षांनी राणी शेवटी आपल्या घरी पोचली, तेव्हा त्या खोलीत जागं असं काकूंशिवाय कुणी नव्हतं.